न्यू जर्सीहून टेक्सासला गाडी पाठवताना : दरांतील तफावत, विमा आणि तिथली नोंदणी

एडिसननिवासी (प्रश्न)

नमस्कार. नोकरीतील बदलीमुळे आम्ही जूनअखेरीस एडिसनहून डॅलसजवळच्या फ्रिस्कोला राहायला जात आहोत. अंतर सुमारे १,५०० मैलांचे आहे, आणि सोबत लहान मुले व भारतातून आलेली आई असल्यामुळे आम्ही सर्व विमानाने जाऊन गाडी ट्रकने पाठवावी असा विचार आहे. एका संकेतस्थळावर माहिती भरताच फोनांची रीघ लागली. एकाच सेडानसाठी कोणी ७५० डॉलर सांगतो, कोणी १,४००, आणि सर्वांत स्वस्त दर देणारा आजच डिपॉझिट भरा म्हणून मागे लागला आहे. एवढी तफावत कशामुळे असते? वाटेत गाडीला इजा झाली तर भरपाई कोण देते? गाडीवर कर्ज असून टायटल (मालकीचा दाखला) बँकेकडे आहे. अशा स्थितीत टेक्सासमध्ये नोंदणी कशी होते? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्लेनोकर

आपल्याला ज्यांचे फोन आले, ते बहुतेक सर्व ब्रोकर असणार. ब्रोकरकडे स्वतःचा ट्रक नसतो. तो आपली गाडी एका सामाईक ऑनलाइन बोर्डवर ठरावीक रकमेला नोंदवतो, आणि प्रत्यक्ष वाहतूक करणारे कॅरियर त्यातून आपल्या मार्गावरच्या व परवडणाऱ्या गाड्या निवडतात. त्यामुळे ७५० हा आकडा म्हणजे दर नव्हे, गिऱ्हाईक अडकवण्याचे आमिष आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्या रकमेला कोणी ट्रकवाला गाडी उचलत नाही, ती दारातच उभी राहते, आणि आपली विमानाची तारीख तोंडावर आली की ‘आणखी ४०० डॉलर दिलेत तर उद्या ट्रक मिळेल’ असा फोन येतो.

कॅरियरचे नाव कळेपर्यंत एक डॉलरही देऊ नका. नाव कळल्यावर फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनच्या ‘सेफर’ या संकेतस्थळावर त्याचा यूएसडॉट किंवा एमसी क्रमांक (वाहतूकदाराचा सरकारी नोंदणी क्रमांक) टाकून पाहा. परवाना चालू आहे का, आणि तो ब्रोकरचा आहे की कॅरियरचा, हे तिथे विनामूल्य दिसते. ब्रोकर ‘आमचा ७५,००० डॉलरचा बाँड (हमीची रक्कम) आहे’ असे अभिमानाने सांगतात, परंतु तो कायद्यानेच सक्तीचा आहे आणि सर्व दावेदारांना मिळून तेवढाच असतो, म्हणून त्यावर फार विसंबू नये.

तारखेची हमी मागू नका, मिळाली तरी खरी मानू नका. चालकाला विश्रांतीनंतरच्या एका पाळीत ११ तासांहून अधिक वाहन चालवता येत नाही, शिवाय वाटेत इतर गाड्या चढवायच्या-उतरवायच्या असतात. तेव्हा आठवडाभराची सोय हाताशी ठेवा.

ह्यूस्टनवासी

भरपाईविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याबाबत पुष्कळ गैरसमज आहेत. आंतरराज्य ट्रकसाठी जो किमान ७,५०,००० डॉलरचा विमा सक्तीचा आहे, तो ट्रकमुळे इतरांना झालेल्या नुकसानीसाठी असतो. ट्रेलरवर चढवलेल्या गाड्यांचा कार्गो विमा वेगळा, आणि घरगुती सामान वाहणारे वगळता इतर बहुतेक कॅरियरवर तो ठेवण्याची केंद्रीय सक्ती २०११ पासून उरलेली नाही. म्हणून कॅरियरकडून कार्गो विम्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि त्यातील मर्यादा संपूर्ण ट्रेलरसाठी किती व वजावट (विमा कंपनी देत नाही तो सुरुवातीचा हिस्सा) किती, हे वाचावे. १९०६ च्या कारमॅक दुरुस्ती या केंद्रीय कायद्यानुसार नुकसानीची जबाबदारी कॅरियरवर येते, ब्रोकरवर नाही. दावा दाखल करण्यासाठी करारात नऊ महिन्यांहून कमी मुदत ठेवता येत नाही.

मात्र दावा टिकतो तो बिल ऑफ लेडिंग (गाडी वाहतुकीसाठी ताब्यात घेतल्याची पावती) या कागदामुळे. गाडी चढवताना चालक त्यावर आधीचे ओरखडे आणि पोचे नोंदवतो. त्या वेळी आपणही चारही बाजूंचे, छताचे आणि मीटरचे फोटो काढावेत. गाडी उतरवताना रात्र असली, पाऊस असला, चालक घाईत असला, तरी विजेरी घेऊन गाडी पूर्ण तपासल्याशिवाय सही करू नये. नवे नुकसान त्याच कागदावर लिहून मगच सही करावी, कारण कोरी सही म्हणजे गाडी सुस्थितीत मिळाल्याची कबुली.

गाडीत सामान भरण्याचा मोह टाळा. त्याला सहसा विमा लागू नसतो. टाकी पाव भरलेली पुरे. काचेवरचा ईझीपास आठवणीने काढा, नाहीतर ट्रेलरवर बसलेली गाडीही टोल भरत जाईल.

ऑस्टिनचा_वाचक

रेल्वेने गाडी पाठवता येत नाही का? ॲमट्रॅकची अशी सेवा असल्याचे ऐकले आहे.

ह्यूस्टनवासी

ती ‘ऑटो ट्रेन’ केवळ व्हर्जिनियातील लॉर्टन ते फ्लोरिडातील सॅनफर्ड एवढीच धावते, आणि प्रवाशाला गाडीसोबत जावे लागते. टेक्साससाठी तिचा उपयोग नाही.

प्लेनोकर

आता नोंदणी. टेक्सासमध्ये राहायला आल्यावर ३० दिवसांत गाडीची नोंदणी आणि ९० दिवसांत लायसन्स करून घ्यावे लागते. १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी रद्द झाली, त्यामुळे काही जण आता कोणतीच तपासणी नाही असे समजतात. परंतु फ्रिस्को ज्या कॉलिन व डेंटन काउंटींत पसरले आहे, त्या दोन्हींत पेट्रोल गाड्यांची धूर तपासणी अजूनही आवश्यक आहे. ती झाल्यावर टेक्सासचा विमा, न्यू जर्सीची नोंदणी, ओळखपत्र आणि १३०-यू हा अर्ज घेऊन काउंटीच्या कर कार्यालयात जावे. गाडी आधीच आपल्या नावावर दुसऱ्या राज्यात नोंदलेली असल्याने ६.२५ टक्के विक्रीकर लागत नाही, त्याऐवजी नवरहिवाशाचा ९० डॉलर कर भरावा लागतो. टायटल बँकेकडे असल्यास केवळ नोंदणीपुरता अर्ज करता येतो. मात्र स्थलांतराची कल्पना बँकेला आधीच द्यावी.

एडिसननिवासी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्वस्त दरवाल्याला नकार कळवला आहे. न्यू जर्सीच्या नंबरप्लेट गाडीसोबतच जाऊ द्याव्यात का?

प्लेनोकर

होय, टेक्सासच्या प्लेट मिळेपर्यंत त्याच राहू द्या. नंतर त्या न्यू जर्सीच्या मोटर व्हेइकल कमिशनला टपालाने परत पाठवून पावती मिळवा, आणि ती हाती आल्यावरच तिथला विमा रद्द करा.