स्क्रिमच्या सर्व्हरवर खरं नाव-आडनाव सक्तीचं करावं का?

गोदाकाठ
प्रस्ताव आधी नीट मांडतो. मराठवाड्यातल्या बीजीएमआय (मोबाइलवरचा लढाईचा गेम) स्क्वॉडचा, म्हणजे संघांचा, स्क्रिमसाठी (सरावाचे सामने) जो सामाईक डिस्कॉर्ड सर्व्हर (चॅट आणि व्हॉइसची जागा) आहे, त्यावर पुढच्या महिन्यापासून टोपणनावाच्या जागी खरं नाव, आडनाव आणि तालुका लावायचा. सोबत गूगल फॉर्मवर आधार कार्डाचा फोटो चढवायचा. मी या प्रस्तावाच्या बाजूनं आहे.

कारणं सगळ्यांना माहीत आहेत. स्लॉट लिस्टमध्ये (सामन्यात जागा मिळालेल्यांची यादी) एकाचं नाव असतं आणि रूममध्ये, म्हणजे प्रत्यक्ष सामन्यात, दुसराच खेळतो. बॅन झालेला माणूस नवा ई-मेल काढून दहा मिनिटांत परत येतो. जुना आयडी (गेममधलं खातं) विकतो म्हणून पैसे घेणारा रात्रीतून गायब होतो. मुलगी व्हॉइसवर आली की काहींची जीभ सुटते, कारण उद्या कुणी जाब विचारणार नाही याची त्यांना खात्री असते. आपण कोण हे चारचौघांना माहीत असलं की माणूस तोंड सांभाळतो. गावात हेच चालतं, मग इथं का नको?

माळरान
भाऊ, गावात चालतं ते गावाला माणूस पुरता माहीत असतो म्हणून. इथं नुसतं आडनाव दिसणार. आणि आपल्याकडं आडनाव वाचलं की समोरचा पहिल्यांदा जात ताडतो, मग गाव, मग घर. २०२३ च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, तेव्हापासून आरक्षणाचा विषय किती तापलेला आहे हे जालना-बीडच्या पोरांना सांगायची गरज नाही. व्हॉइस लॉबीत आज कुणी कुणाला कॉल देतं ते गेम बघून देतं. आडनाव लावलं की टीम आडनाव बघून पडतील.

बीड पोलिसांनी २०२५ मध्ये वर्दीवरच्या नावपट्टीवरून आडनावं काढली, नुसतं पहिलं नाव ठेवलं. ज्या जिल्ह्यात पोलिस खात्यालाच छातीवरचं आडनाव उतरवावं वाटलं, तिथं सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या माथी ते कशाला मारायलेत?

आणि तालुका काहून लावायचा? औसा नाहीतर जिंतूरसारख्या ठिकाणी पूर्ण नाव आणि तालुका एवढं हाती असलं तर एसटी स्टँडवर विचारत विचारत माणूस दारात येऊन उभा राहतो.

रिकॉइल_कंट्रोल
बीडचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. आडनाव पट्टीवरून गेलं, पण शिपायाचा बक्कल नंबर आहे, हजेरीपटावर त्याचं पूर्ण नाव आहे. तक्रार झाली तर अधिकाऱ्याला पाच मिनिटांत कळतं कोण होता ते. आपल्या सर्व्हरवर बक्कल नंबरही नाही आणि हजेरीपटही नाही. पट्टीवर नको म्हणता ते मान्य, पण मग नोंद कुठं ठेवायची तेही सांगा. नुसतं ‘नको’ म्हटल्यानं आयडी विकणारा पकडला जात नाही.

निळी_लॉबी
बक्कल नंबर आहे, आपण तो वापरत नाही. त्यावर खाली सविस्तर लिहितो, आधी आधारच्या फोटोचं बघू.

फॉर्मवर चढवलेला फोटो फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसतो. तो फोल्डर दुसऱ्या मॉडला (सर्व्हर सांभाळणाऱ्याला) दिला, त्यानं लिंकवर उघडा ठेवला, मग मॉडगिरी सोडली. फाइली तिथंच राहतात. स्पर्धा संपल्यावर असे फोल्डर आठवणीनं पुसलेले फारसे दिसत नाहीत. एवढं करून पडताळणी तरी होते का? होत नाही. फोटोवरची जन्मतारीख मोबाइलवर दोन मिनिटांत बदलता येते. आधारवरचा क्यूआर कोड प्राधिकरणाच्या अ‍ॅपनं तपासला तरच खरंखोटं कळतं, आणि ते करायला कोण बसणार आहे? निदान पहिले ८ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार तरी मागा, प्रस्तावात तेवढंही नाही.

हे मोठ्यांनाही सांभाळता आलेलं नाही. २०२५ मध्ये डिस्कॉर्डसाठी ग्राहकसेवेचं काम करणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले. वयाच्या पडताळणीवर दाद मागताना लोकांनी ते दिले होते.

दक्षिण कोरियानं तर कायदाच केला होता. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहायचं तर ओळख पडताळून घेणं सक्तीचं. २०११ च्या जुलैत तिथल्या एका कंपनीतून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, त्याच नोव्हेंबरात मेपलस्टोरी या गेमच्या १ कोटी ३२ लाख खेळाडूंची. २३ ऑगस्ट २०१२ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ती सक्ती एकमतानं रद्द केली. बेकायदा मजकूर म्हणावा तसा घटला नाही आणि लोक परदेशी संकेतस्थळांकडे वळले, असं निकालात नोंदवलं.

गोदाकाठ
कोरिया म्हणजे कोट्यवधींचा कारभार. इथं काही शे पोरं, बरीचशी एकमेकांना ओळखणारी. तुलना बसत नाही. आधारच्या फोटोबद्दलचा मुद्दा मात्र पटला, तो मी मागे घेतो. नावाचा घेत नाही.

निळी_लॉबी
मग नुसत्या नावाचं, गेमिंगमधलंच उदाहरण घ्या. ६ जुलै २०१० ला ब्लिझार्ड या गेम कंपनीनं जाहीर केलं की त्यांच्या चर्चामंचावर खऱ्या नावानंच लिहावं लागेल. भरवसा दाखवायला त्यांच्याच एका कर्मचाऱ्यानं आपलं खरं नाव लिहिलं. बघता बघता लोकांनी त्याचा पत्ता आणि फोन नंबर शोधून सगळ्यांसमोर मांडला. तिसऱ्या दिवशी, ९ जुलैला, कंपनीनं निर्णय मागे घेतला.

आता नोंदीचं. डिस्कॉर्डवर प्रत्येक खात्याला एक लांबलचक आकडा असतो. टोपणनाव कितीदाही बदला, तो बदलत नाही. सेटिंगमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये डेव्हलपर मोड चालू केला की कुणाच्याही प्रोफाइलवरून तो कॉपी करता येतो. बीजीएमआयमध्ये रिनेम कार्डनं नाव बदलतं, कॅरेक्टर आयडी (गेममधल्या खात्याचा आकडा) तोच राहतो. स्लॉट लिस्टमध्ये नावाऐवजी हे दोन आकडे लिहा. निकालाचा स्क्रीनशॉट आला की जुळवायचं, नाही जुळलं तर स्लॉट रद्द. रिकॉइल भाऊ, हाच आपला बक्कल नंबर.

दहा मिनिटांत परत येणाऱ्यासाठी सर्व्हरची पडताळणी पातळी सगळ्यात वरची करा. मग फोन नंबर पडताळलेलं खातं असल्याशिवाय बोलता येत नाही. तो नंबर डिस्कॉर्डकडेच राहतो, मॉडला दिसत नाही, आणि एक नंबर एका वेळी एकाच खात्याला लागतो. खाच एकच आहे: ज्याला रोल (सर्व्हरवरचा दर्जा) मिळालेला आहे त्याला ही अट लागू होत नाही. आपला बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) माणूस आल्याआल्या ‘मेंबर’ रोल वाटतो, म्हणजे पातळी वाढवूनही दार उघडंच. तो रोल आधी बंद करा.

रिकॉइल_कंट्रोल
आकडा खात्याचा, माणसाचा नाही. भाऊ स्वतःचा फोन मित्राच्या हातात देतो, दोन्ही आकडे जुळतात आणि खेळतो तिसराच. हे कसं धराल?

निळी_लॉबी
खऱ्या नावानंही धरता येत नाही, कारण नाव त्याच फोनवर लिहिलेलं असतं. त्याला हँडकॅम हाच इलाज. दुसरा फोन बाजूला, थोडा वर लावायचा, स्क्रीन आणि दोन्ही हात दिसतील असा. चेहऱ्याची गरज नाही. सुरुवातीला प्रोफाइल उघडून कॅरेक्टर आयडी दाखवायचा आणि तिथून न थांबता रेकॉर्डिंग. तुकड्यातुकड्यांत आलेला व्हिडिओ धरायचा नाही. सगळ्यांकडे दुसरा फोन नसतो, म्हणून साध्या स्क्रिमला मागू नका, फायनलला आणि संशय आला त्या संघाला मागा. आवाज आणि बोटांची ठेवण दोन सामन्यांत वेगळी असली तर लगेच ध्यानात येते.

पहाटपाळी
मुलींच्या त्रासाचं कारण पुढं करून हा नियम आणताय, तर त्याबद्दल सविस्तर बोला. खऱ्या नावाची सक्ती झाली की पहिल्यांदा मुलीच सर्व्हर सोडतील. शिव्या देणाऱ्याचं नाव तिला कळेल तसं तिचं नाव त्यालाही कळेल. त्याच्याकडं गमवायला थोडं आहे, तिच्याकडं घरची परवानगी, लातूरला क्लाससाठी केलेली रूम, सगळंच. हा सौदा बरोबरीचा नाही.

सध्या त्रास झाला की मॉड काय करतात? बॅन दाबतात आणि सोबत मागचे मेसेज पुसायचा पर्याय निवडतात. पुरावा तिथंच गेला. क्रम उलटा हवा. आधी त्या माणसाचा आकडा, मेसेजची लिंक, तारीख-वेळ दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट. मग बॅन, आणि मेसेज न पुसता. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार देताना हेच जोडायचं. पोलिस कंपनीकडं माहिती मागतात ती याच आकड्यावरून. टोपणनावाच्या जागी त्यानं कुणा दुसऱ्याचंच नाव आणि आडनाव लावलं असेल तर? तपास तर भरकटेलच, वर एखाद्या निरपराध पोराच्या दारात लोक जातील. पैशाची फसवणूक असेल तर १९३० वर लगेच फोन. पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच ते परत यायची आशा.

आणि सदस्यांसाठी एक: सर्व्हरच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी सदस्यांचे थेट मेसेज बंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्लॉट सांगायचेच असतील तर साधा ग्रुप नको, कम्युनिटीचा घोषणा ग्रुप ठेवा. तिथं बाकी सदस्यांना नंबर दिसत नाही.

माळरान
बक्षिसाचं राहिलंच. ‘पेमेंट प्रूफ’ म्हणून यूपीआयचा स्क्रीनशॉट उघड्या चॅनलवर टाकतात. त्यात बँकेतलं पूर्ण नाव येतं, आणि यूपीआय आयडी मोबाइल नंबरचाच असला तर नंबरही येतो. टोपणनावामागं खरं नाव लपवून मग काय मिळवलं? व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि रक्कम एवढंच टाका. जिंकणाऱ्यानं नंबर नसलेला दुसरा यूपीआय आयडी काढून ठेवावा, अ‍ॅपमध्ये ती सोय असते.

गोदाकाठ
इथपर्यंत आलो तर माझी मागणी बदलून मांडतो. चॅनलवर टोपणनाव राहू द्या. पण बक्षीस द्यायचं तिथं बँकेतलं नाव कळणारच आहे, मग संघाच्या कॅप्टननं तरी आपलं खरं नाव दोन मॉडना आधीच द्यावं. चौघांसाठी एक माणूस जबाबदार. यापेक्षा खाली मी येणार नाही. पैसे बुडालेल्या पोराला आकड्यांची यादी दाखवून त्याचं समाधान होत नाही.

पहाटपाळी
कॅप्टन १८ च्या आतला असेल तर? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचा प्रत्येक जण मूलच धरला आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर थांबायचं कशाला? अशा संघाचं बक्षीस पालकाशी फोनवर बोलून पालकाच्याच खात्यात द्या, पोराचं काहीच लिहून ठेवू नका.

माळरान
कॅप्टनच्या नावाला माझी हरकत नाही, पण ते दोन मॉड कोण? एकाच गावचे, एकाच गटातले दोघं चालणार नाहीत. नावं कागदी वहीत, फॉर्मवर नाही. बक्षीस वाटून तक्रारीचे १५ दिवस संपले की ते पान फाडायचं. हे नियमात लिहून आलं तर हो म्हणतो.

रिकॉइल_कंट्रोल
१५ दिवस कमी आहेत. आयडी विकणारे महिनाभर थांबून खातं परत ओढून घेतात. ६० करा.