शब्दचर्चा: 'व्हेरिअन्स'ला मराठीत काय म्हणावे?

पानगळ: न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांसाठी घराच्या वाढीव बांधकामाविषयीचे माहितीपत्रक मी मराठीत करीत आहे. मागील बाजूस खोली वाढवल्यावर कुंपणापर्यंतचे अंतर नियमापेक्षा कमी पडत असेल, तर झोनिंग बोर्डाकडे (जमीनवापराच्या नियमांबाबत निर्णय देणाऱ्या स्थानिक मंडळाकडे) 'व्हेरिअन्स'साठी, म्हणजे तो नियम न पाळता बांधण्याच्या परवानगीसाठी, अर्ज करावा लागतो आणि २०० फुटांच्या आतील मालमत्ताधारकांना सुनावणीपूर्वी किमान १० दिवस नोटीस द्यावी लागते. मी 'सूट' हा शब्द योजला होता. एका ज्येष्ठ वाचकांनी तो खोडून 'शिथिलता' केला. आपले मत काय?

मेघदूत: 'शिथिलता'च योग्य आहे. आपल्याकडे विकास नियंत्रण नियमावलीच्या संदर्भात हाच शब्द रुळलेला आहे; 'सूट' म्हटले की घरपट्टीतील सूट आठवते.

नदीकाठ: मला हे पटत नाही. नियम शिथिल झाला की तो सर्वांसाठी सैल होतो, असा अर्थ निघतो. न्यू जर्सीत नियम तसाच राहतो आणि केवळ एका भूखंडापुरता बाजूला ठेवला जातो. १९७५ च्या तेथील कायद्यानुसार अडचण दाखवायची ती जमिनीची: भूखंड अरुंद आहे, उथळ आहे किंवा वेड्यावाकड्या आकाराचा आहे. आईवडील राहायला येणार आहेत, घर अपुरे पडते, हे कितीही खरे असले तरी या निकषात बसत नाही. मंजुरीही जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते, म्हणून माणसाला मिळणारी 'सवलत'ही येथे चालणार नाही. 'भूखंडापुरता अपवाद' असे स्वच्छ लिहावे.

मेघदूत: अर्थ बरोबर आहे, पण अर्जाच्या मथळ्यावर तो शब्दप्रयोग शोभणार नाही. शिवाय 'अडचण' लिहाल तर पुण्याच्या वाचकाला हार्डशिप प्रीमियम (बांधकाम नियमातील शिथिलतेसाठी महापालिकेला भरायची रक्कम) आठवेल आणि पैसे भरले की काम झाले, असा त्याचा समज होईल.

आजोळ: 'मुभा' का नको? अरबी 'मुबाह' म्हणजे ज्याची सक्तीही नाही आणि मनाईही नाही असे कृत्य. आमच्या घरी वडील 'एवढी मुभा आहे' म्हणत, तेव्हा मर्यादाही त्याच वाक्यात कळत असे.

मेघदूत: संस्कृतातून घडवलेला शब्द उपलब्ध असताना शासकीय अर्थाच्या मजकुरात अरबी शब्द कशासाठी आणायचा?

आजोळ: 'अर्ज', 'मंजुरी' आणि 'मालक' हे शब्द आपण याच चर्चेत निःसंकोच वापरले आहेत. रुळलेल्या शब्दाचे मूळ पाहून त्याला बाहेर काढणे मला अन्यायाचे वाटते.

पानगळ: कुंपणापर्यंतच्या अंतरासाठी मी 'सामासिक अंतर' लिहिले आहे, तेवढे तरी ठीक आहे ना?

नदीकाठ: ठीक आहे. वहीच्या पानाला आपण समास सोडतो, तोच भूखंडाच्या कडेला आला असावा, असे मला वाटते. मग नुसते 'समास' पुरेसे आहे.

मेघदूत: मुळीच नाही. नुसत्या 'समास'ने वाचक व्याकरणात शिरेल. सामान्य माणूस 'साइड मार्जिन' म्हणतो, तेच ठेवा.

आजोळ: म्हणजे अरबी नको, पण इंग्रजी चालेल?