फ्रॉइड, पावलॉव्ह, मास्लो... यांच्यापुढे कोण?

नुसताच_वाचक
मंडळी, एक शंका. मानसशास्त्राबद्दल कुठेही वाचायला घ्या, आधी फ्रॉइड, मग पावलॉव्हचे कुत्रे, मग मास्लोचा पिरॅमिड, झालं, संपला विषय. वर प्रत्येकाचा 'जनक' वेगळाच, कुणी वुंट म्हणतं, कुणी विल्यम जेम्स. मी काही या विषयाचा विद्यार्थी नाही, आवड म्हणून वाचतोय, परीक्षा-बिरीक्षा द्यायची नाहीये. पण नावांच्या याद्या वाचून वाचून सगळेच सारखे थोर वाटायला लागलेत राव. या लोकांनी नक्की केलं काय आणि त्यातलं आज टिकलंय किती, हे कुणी नीट सांगेल का? सुरुवात कुणापासून करू?

गवाक्ष
जनक कोण या भानगडीत पडूच नका. वुंटचं नाव येतं कारण त्याने १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तिथे कुठून कुठून पोरं शिकायला आली आणि मग आपापल्या देशात जाऊन त्यांनी लॅब काढल्या. म्हणजे त्याचं मोठेपण विषयाला स्वतःचं घर मिळवून देण्यात, त्याचे निष्कर्ष आज कुणी घेऊन बसत नाही. जेम्सचं नेमकं उलटं, त्याला प्रयोगांचा कंटाळा, पण लिहायचा असा की १८९० चा त्याचा ग्रंथ आजही मजेत वाचता येतो (प्रकाशकाला म्हणाला होता दोन वर्षांत देतो, लावली बारा).

माझं मत विचाराल तर सुटा माणूस वाचू नका, जोडी वाचा. एकाने काय म्हटलं आणि त्याला उत्तर कुणी दिलं. उदाहरण देतो. वॉटसनने १९१३ मध्ये जाहीर करून टाकलं की मन-बिन काही दिसत नाही, मानसशास्त्राने फक्त वर्तन बघावं. मग १९२० मध्ये त्याने आणि त्याची सहकारी रोझली रेनरने तो 'छोटा अल्बर्ट'वाला प्रयोग केला, साधारण ११ महिन्यांचं बाळ, समोर पांढरा उंदीर, बाळाने हात पुढे केला की डोक्यामागे पोलादी दांडीवर हातोडा मारून मोठा आवाज. थोड्याच वेळा असं केल्यावर पोर उंदीर बघूनच रडायला लागलं, मग सशाला घाबरलं, कुत्र्याला घाबरलं, फरच्या कोटालासुद्धा. आणि ती भीती काढायच्या आतच बाळ तिथून गेलं!! एकच बाळ, तुलनेला दुसरं कुणी नाही, आणि आज असा प्रयोग करू म्हणालात तर कुठलीही समिती दारात उभं करणार नाही. त्याच वर्षी रेनरबरोबरच्या प्रकरणावरून वॉटसनची विद्यापीठातली नोकरी गेली आणि गडी जाहिरात कंपनीत लागला.

आता जोडीतलं दुसरं नाव, मेरी कव्हर जोन्स. १९२४. तिच्याकडे तीनेक वर्षांचा पीटर होता, सशाला घाबरणारा. तिने उलटा विचार केला, भीती शिकवता येते तर मग घालवताही यायला हवी. पीटर आवडीचं खात बसलेला असताना ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा, त्याला चाललं तर पुढच्या वेळी जरा जवळ आणायचा, शिवाय सशाला न घाबरणारी मुलंही खेळायला सोडायची. शेवटी पीटर सशाच्या अंगावरून हात फिरवायला लागला. आज फोबियावर थोडं थोडं सामोरं जायला लावून जे उपचार करतात त्याचं मूळ इथे आहे, पुढे पन्नासच्या दशकात जोसेफ वोल्पेने त्याची शिस्तशीर पद्धत बसवली. पण पुस्तकात फोटो कुणाचा, तर अल्बर्टचा.

तिरपागडा
मस्त लिहिलंय गवाक्ष. आणि पावलॉव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामाला, खाणं यायच्या आधीची खूण मिळाली की कुत्र्याला लाळ कशी सुटायला लागली त्याला नाही, हे आमच्या सरांनाही माहीत नव्हतं.

पण मंडळी, झिम्बार्डोला विसरलात की काय? विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी करून केलेला तो तुरुंगवाला प्रयोग?

गवाक्ष
विसरलो नाही, मुद्दाम टाळलं. १९७१ चा तो प्रयोग 'सत्ता हातात आली की साधा माणूसही राक्षस होतो' असा सांगतात, पण त्याची टेप ऐकली तर प्रयोग चालवणाऱ्यांपैकीच एकजण एका पहारेकऱ्याला जरा कडक वाग म्हणून पटवताना ऐकू येतंय. आपणच सांगायचं आणि मग आपोआप झालं म्हणायचं, हा कुठला न्याय?

सांजवात
जोडीची कल्पना आवडली म्हणून फ्रॉइडची एक जोडी देते. फ्रॉइडला झोडपायची सध्या फॅशन आहे आणि त्यातलं बरंचसं त्याने ओढवून घेतलेलं आहे, कारण त्याची कितीतरी विधानं अशी आहेत की काहीही घडलं तरी ती बरोबरच ठरतात, पेशंट हो म्हणाला तर बरोबर, नाही म्हणाला तर तो विरोध करतोय म्हणून अजूनच बरोबर. तरी दुखणाईत माणसाचं नुसतं ऐकत बसणं हाही उपचार असू शकतो हे जगाच्या गळी त्याने उतरवलं, ते श्रेय काढून घेता येत नाही.

आता जोडीदार, आरन बेक. हा स्वतः मनोविश्लेषणात, म्हणजे फ्रॉइडच्याच पद्धतीत तयार झालेला डॉक्टर, फ्रॉइडच्या विरोधात वगैरे अजिबात नव्हता. फ्रॉइडचं म्हणणं होतं की नैराश्य म्हणजे दुसऱ्यावरचा राग स्वतःकडे वळलेला असतो. बेक म्हणाला चला हे सिद्ध करून दाखवू, आणि नैराश्याच्या पेशंटांची स्वप्नं तपासायला घेतली, म्हणजे राग सापडेल. तर रागाऐवजी त्याला सापडलं हरणं, गमावणं, नकार. जागेपणीही हे लोक तसंच बोलत होते, मी नालायक आहे, माझं काही व्हायचं नाही. त्यावरून साठच्या दशकात त्याने हे विचारच पकडून तपासायची थेरपी सुरू केली, जी आज सीबीटी म्हणून सगळीकडे चालते. गुरूला खरं ठरवायला निघाला आणि दुसऱ्याच गावाला पोचला. मला या सगळ्या इतिहासात हा माणूस सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

नुसताच_वाचक
हे भारी आहे. मास्लोचं काय मग? आमच्या ऑफिसच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये तो पिरॅमिड असतो.

तिरपागडा
१९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिडच नाहीये. गरजांची चढती मांडणी मास्लोची, त्रिकोण नंतर मॅनेजमेंटवाल्यांनी काढला. आणि तो स्वतः लिहितो की एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी सुरू होते असं काही नाही. ट्रेनिंगवाल्यांना सांगून बघा, पुढच्या वेळी बोलावणार नाहीत :)

निळी_शाई
मी शाळेत शिकवते त्यामुळे माझी यादी वेगळी. आल्फ्रेड बिने. त्याने आणि त्याचा सहकारी सिमोंने १९०५ मध्ये पॅरिसमध्ये चाचणी केली ती कशाला, तर वर्गात मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जास्तीची मदत देता यावी म्हणून, बस. बुद्धी म्हणजे जन्मभराचा ठरलेला आकडा असं मानायला त्याचा सरळ विरोध होता, सराव आणि शिकवण्याने ती वाढते म्हणायचा. १९११ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्नने मानसिक वयाला (चाचणीत मूल कितव्या वर्षाच्या मुलांइतकं करतं ते) खऱ्या वयाने भागायची टूम काढली, अमेरिकेत गोडार्डने तीच चाचणी लोकांना 'मंदबुद्धी' ठरवायला वापरली, १९१६ मध्ये टर्मनने सुधारून तिचा आयक्यू करून टाकला. मुलांना मदत मिळावी म्हणून केलेली गोष्ट माणसांना बाहेर ठेवायला वापरली गेली, याचा मला अजूनही संताप येतो.

पण त्याच पॅरिसमध्ये एक गंमतही झाली. १९२० च्या आसपास सिमोंकडे एक तरुण पोरगा कामाला आला, काम कंटाळवाणं, मुलांच्या चाचण्या घ्यायच्या आणि उत्तरं बरोबर-चूक लावायची. याला बरोबर उत्तरांत रसच नाही, ठराविक वयाची मुलं ठराविकच चुका कशा करतात हेच तो विचारत बसला. तो पियाजे! लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे, त्याची विचार करायची रीतच निराळी, हे त्यातून निघालं. त्याने दिलेली वयं पुढे बरीच बदलली, वस्तू नजरेआड झाली तरी ती असते हे बाळाला आठ-नऊ महिन्यांनी कळतं असं तो म्हणायचा, १९८५ मध्ये रने बेयार्जनने पाच महिन्यांच्या बाळांमध्येही त्याची चिन्हं दाखवली. वस्तू शोधायला हात पुढे करावा लागतो, ते बाळाला जमत नाही, पण अशक्य काही घडलं की ते जास्त वेळ टक लावून बघतं, तेवढं मोजलं.

जोडी हवी तर रशियाचा मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की घ्या. दोघांचा जन्म १८९६ चाच. पियाजेचं मूल बहुतेक एकटं शोधतं, व्हिगॉट्स्कीचं मूल कुणाच्या तरी मदतीने पुढची पायरी चढतं. व्हिगॉट्स्की ३७ व्या वर्षी क्षयाने गेला, पियाजे ८४ वर्षं जगला. मला वर्गात रोज उपयोगी पडतो तो व्हिगॉट्स्की.

सांजवात
मेरी कॅल्किन्सचंही नाव घाला कुणीतरी. हार्वर्डमध्ये पीएचडीचं सगळं पुरं केलं, जेम्सने भरभरून कौतुक केलं, पण बाई म्हणून विद्यापीठाने पदवी दिली नाही. नंतर रॅडक्लिफची, म्हणजे हार्वर्डला जोडलेल्या बायकांच्या कॉलेजची पदवी घे म्हणाले तर तिने सरळ नाकारली. १९०५ मध्ये तीच अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची अध्यक्ष झाली.

नुसताच_वाचक
सगळ्यांचे आभार, जोन्स आणि बेकपासून सुरू करतो. पण 'टिकलंय किती' याचं एक तरी सरळ उत्तर द्या की, जुन्यातलं जसंच्या तसं उभं आहे असं काही आहे का?

गवाक्ष
आहे. एबिंगहाउस, १८८५. निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करायचा, काही मिनिटांनी, काही तासांनी, एक महिन्याने पुन्हा पाठ करायचा आणि किती वेळ वाचला ते मोजायचा. विसरणं आधी झपाट्याने आणि मग सावकाश होतं हा आलेख त्यातून आला. २०१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या दोन संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, आलेख जवळपास तसाच निघाला. त्यातही याद्या पाठ करायला बसलेला माणूस एकच, त्या दोघांपैकीच एक.