लिव्हर बदलल्यावर धमनी अरुंद झाली, तर बलून-स्टेंट करावं का थांबावं?

संत्रावाला_वरुड: माह्या मोठ्या भावाचं लिव्हर ट्रान्सप्लांट मागच्या साली झालं, वहिनीनं आपल्या लिव्हरचा भाग देल्ला. आता डॉप्लरमध्ये (रक्ताचा प्रवाह पाहाची सोनोग्राफी) लिव्हरची धमनी अरुंद निघाली. ताप नाई, कावीळ नाई, वावरात चक्कर मारते. डॉक्टर म्हणतात जांघेतून बारीक नळी नेऊन बलून फुगवू, लागलं तर स्टेंट, म्हंजे धमनी उघडी ठेवाची जाळीदार नळी, टाकू. घरात दोन तट पडले हायेत. माह्यं मत, लवकर करावं. लिव्हरले बहुतेक रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्याकडून येणारी मोठी शीर) भेटते म्हणून पेशंट चांगला दिसते, पण बदललेल्या लिव्हरच्या पित्तनळ्या ह्या एका धमनीवरच जगतात. ते बंद पडली का पित्तनळ्या सडतात, पू होते, मंग दुसरं लिव्हर शोधत फिरा.

कापूस_दारव्हा: मले नाई पटत भौ. माणूस हिंडते-फिरते, रिपोर्ट बरे, मंग हात कायले लावता? दोन-तीन मिलिमीटरची धमनी, तार घालताना आतलं अस्तर फाटू शकते, गुठळी होऊ शकते. बरा माणूस टेबलावर बिघडला तर वहिनीले काय सांगान?

कॅथलॅब_नागपूर: दारव्हेवाल्या भाऊंची भीती खोटी नाही, मी हे काम रोज बघतो. डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडला की स्क्रीनवर धमनी दिसते, ट्रान्सप्लांटमध्ये शिवलेल्या जोडाच्या ठिकाणी एकदम कंबर आवळल्यासारखी, आणि बलून फुगवताना तीच कंबर हळूहळू सरळ होते. जागा बधिर करून होतं, पोट उघडावं लागत नाही. पण धमनी फार वळणाची असली तर तार पुढे जातच नाही, तेव्हा जबरदस्ती करायची नसते. आणि नुसत्या डॉप्लरवर टेबलावर घेऊ नका, त्यातला रेझिस्टिव्ह इंडेक्स (धमनीतल्या प्रवाहाला होणारा अडथळा दाखवणारा आकडा) 0.5 च्या खाली आला तर संशय घेतात, पक्कं सीटी अँजिओवर (डाय देऊन काढलेला धमन्यांचा सीटी स्कॅन) होतं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी बघा, टॅक्रोलिमसनं (शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणून दिलेलं औषध) किडनीवर ताण असतोच, त्यात डायचाही ताण.

शेतकरीपुत्र_आर्वी: ठिबकची नळी चोकली तर आपण तुकडा कापून नवा जोडतो ना, मंग सर्जननं उघडून नवा जोडच द्यावा, एकदाचं मिटते. बलूनवाली परत आवळते असं आयकलं.

कॅथलॅब_नागपूर: परत आवळू शकते, खरं आहे, नुसत्या बलूननं जास्त, म्हणून स्टेंट टाकतात. ट्रान्सप्लांटनंतर पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत असतं तर तुमचं बरोबर होतं, ताजा जोड बलूननं फाटायचा धोका असतो, तेव्हा सर्जनकडे कल जास्त. वर्षानंतर पोटात सगळं चिकटलेलं असतं, तिथं पोचणंच अवघड.

आशाताई_घाटंजी: स्टेंट टाकून गावी आल्यावरचं कोणी बोलत नाही. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या चुकल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होते, आणि आमच्याकडे पेशंट पेरणीच्या धावपळीत गोळी विसरते, नाहीतर दात काढायला जाऊन कोणालाही न विचारता बंद करते. डॉप्लरही वारंवार लागतं, ही धमनी बघणारा हात तालुक्याला मिळत नाही. एवढं सांभाळणार असाल तरच हो म्हणा.

संत्रावाला_वरुड: ताई, गोळ्यांचं वहिनी पाहते, टॅक्रोलिमसची वेळ तिनं आजवर चुकू देल्ली नाई. दारव्हेवाले भौ, तुमचं आयकून घेतलं, पण त्रास व्हायची वाट पायनं मले मंजूर नाई, कावीळ दिसली म्हणजे पित्तनळ्या गेल्याच असतीन. आधी क्रिएटिनिन अन् सीटी अँजिओ करतो, तार जाईन असं डॉक्टर म्हणाले तर भाऊले तयार करतो. सीटीत काय निघालं ते इथंच लिवतो.