आठ थ्रेड एकापेक्षा हळू का चालतात?

प्रश्न: लॉगच्या ओळी मोजणारा सी++ प्रोग्रॅम लिहिलाय. आठ कोअर, आठ थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधले एकाच वेळी चालणारे धागे), प्रत्येकाला अ‍ॅरेमधला स्वतःचा ८ बाइटचा अ‍ॅटॉमिक काउंटर, म्हणजे ज्याची वाढ मध्येच तुटत नाही असा. कोणी दुसऱ्याच्या काउंटरला हात लावत नाही, लॉकही नाही. तरी एका थ्रेडपेक्षा जास्त वेळ लागतो! दोन रात्री यातच गेल्या.

उत्तर १: आठ आठे चौसष्ट, इथेच मेख आहे. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवर कॅशची, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या जलद मेमरीची, एक लाइन (एकदम हलवला जाणारा तुकडा) ६४ बाइटची असते, म्हणजे तुमचे काउंटर एक-दोन लाइनींतच दाटीवाटीने बसलेत. हार्डवेअरला काउंटर दिसत नाही, लाइन दिसते. एका कोअरला लिहायचं तर इतरांकडच्या तिच्या प्रती आधी बाद कराव्या लागतात. लगेच दुसरा कोअर तीच लाइन मागतो. सगळा वेळ या ओढाताणीत जातो. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. कॅशमधल्या प्रती एकमेकांशी जुळत्या ठेवणाऱ्या मेसी प्रोटोकॉलच्या मॉडिफाइड, एक्सक्लुझिव्ह, शेअर्ड, इनव्हॅलिड या चार अवस्था मी परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या. त्या खऱ्या समजल्या त्या असाच प्रोग्रॅम अडकल्यावर. प्रत्येक काउंटरला 'अलाइनअ‍ॅज ६४' लावून बघा, म्हणजे प्रत्येकजण स्वतंत्र लाइनीत बसेल.

उत्तर २: आधी लिनक्सवर 'पर्फ सीटूसी' हे तपासणीचं टूल चालवा, भांडणाची लाइन नेमकी दिसेल. अ‍ॅपल एम१ प्रोसेसरवर मात्र लाइन १२८ बाइटची धरा.

प्रश्नकर्ता: लावलं. ११ सेकंदांचं काम दीडवर आलं! बदल एका ओळीचा. मनापासून आभार.

उत्तर १: थ्रेडमध्ये साध्या लोकल व्हेरिएबलमध्ये मोजून शेवटी एकदाच बेरीज केलीत तर अजून खाली येईल.