ओठाखाली निकोटिन पाउच, हिरडी पांढरी पडलीये

इंदूरला राजवाड्याजवळ राहते. धाकटा भाऊ गुटखा सोडून निकोटिन पाउच (तंबाखूविना निकोटिनची छोटी पुडी) ठेवतो, रोज ओठाखाली एकाच जागी. तिथली हिरडी पांढरट, सुरकुतलेली. जीभ चुरचुरते, सराफ्यातली कचोरीसुद्धा झोंबते. "तंबाखू नाही, मग काय होतंय?" म्हणतो. खरंच काही होत नाही?

— होतं, ताई. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. हिरडी सुजली तरी रक्त कमी येतं, दुखणं झाकलं जातं. मला याचीच जास्त भीती वाटते. दोन आठवड्यांत डाग गेला नाही तर दंतवैद्याला दाखवाच.

— गुटख्याचंही सांगा त्यांना. सुपारीनं तोंड आखडतं. त्याची तीन बोटं उभी तोंडात जातात का, आजच बघा.

— सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६, मोफत आहे.

— जातात दोनच. उद्या नेते त्याला.