मदत हवी आहे: मायक्रोकंट्रोलर बोर्ड जोडला की फक्त 'मेंटेनन्स' ड्राइव्ह येतो

अधीर_कोडर: कालपर्यंत सगळं चालू होतं. आज यूएसबी लावली की नेहमीचा ड्राइव्ह येतच नाही, 'मेंटेनन्स' नावाचा येतो. त्यात माझ्या प्रोग्रामची हेक्स फाइल टाकली, तो चालत नाही. सीरियल पोर्टही गायब. केबल आणि लॅपटॉप दोन्ही बदलून पाहिले. उद्या डेमो आहे, लवकर सांगा.

सर्किटकर: बोर्ड कोणता?

मीनल_एम: सीरियलचा वेग, म्हणजे बॉड रेट, ११५२०० आहे का बघा. माझं नेहमी तिथेच चुकायचं.

सर्किटकर: अहो, पोर्टच दिसत नाहीये, बॉड रेट कुठे लावणार?

अधीर_कोडर: फ्रीडम के६४एफ. त्याच्या ऑनबोर्ड डीबगरवर डीएपीलिंक फर्मवेअर (चिपमधला कायमचा प्रोग्राम) आहे. नेहमीचाच.

जुना_हात: ऑनबोर्ड डीबगरच्या, म्हणजे बोर्डावरच्या त्या यूएसबी चिपच्या, नादी लागू नका. बाहेरचा डीबग प्रोब घ्या, एसडब्ल्यूडी या डीबग जोडणीच्या दोन तारा आणि ग्राउंड जोडा, प्रोग्राम फ्लॅश करा (चिपमध्ये भरा). मी कित्येक वर्षं असंच करतोय, कधी अडलो नाही.

सर्किटकर: प्रोब चांगलाच, पण त्यांचा डेमो उद्या आहे. शिवाय एकाच केबलवर फ्लॅशिंग, सीरियल आणि ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवून बघायची सोय) मिळतात ते याच छोट्या चिपमुळे. ती टाकाऊ नाही.

जुना_हात: टाकाऊ म्हटलंच नाही. ती रुसली की सगळंच अडतं, एवढंच म्हणतोय.

रेझिस्टर_राणी: अधीर, आधी हे समजून घ्या. बोर्डावर दोन मायक्रोकंट्रोलर आहेत. तुमचा कोड के६४ वर चालतो, यूएसबीशी बोलतो तो शेजारचा के२०. 'मेंटेनन्स' म्हणजे के२० आपल्या बूटलोडरमध्ये (नवं फर्मवेअर भरून घेणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) थांबलाय. त्या ड्राइव्हवर फक्त के२० चं फर्मवेअर टाकायचं, तुमची हेक्स नाही. रीसेट दाबून धरून केबल लावली की तो या मोडमध्ये जातो. बटण अडकलंय का? रीसेट पिनवर काही जोडलंय?

अधीर_कोडर: बटण ठीक आहे. काल शील्ड (वर बसणारा जोड-बोर्ड) लावलं, पण त्याचा काय संबंध?

रेझिस्टर_राणी: शील्डवर रीसेटपासून ग्राउंडला कपॅसिटर आहे का?

अधीर_कोडर: हो, १० मायक्रोफॅरडचा. रीसेट मध्येच लागत होता म्हणून मीच टाकला.

रेझिस्टर_राणी: मग तोच. पुल-अप (रीसेट लाइन वर ओढून धरणारा रेझिस्टर) १० किलोओहम धरला तर टाइम कॉन्स्टंट, म्हणजे कपॅसिटर भरायचा अंदाजे वेळ, ०.१ सेकंद. तेवढा वेळ रीसेट लाइन खालीच राहते आणि के२० ला वाटतं बटण दाबलंय. शील्ड काढून केबल लावा.

अधीर_कोडर: काढलं. तरी मेंटेनन्सच!

सर्किटकर: मग तुमच्या हेक्सने के२० चं फर्मवेअर पुसलं गेलं असेल. के६४एफची डीएपीलिंक इंटरफेस फाइल त्याच ड्राइव्हवर टाका. ०एक्स८००० ऑफसेटचीच (फर्मवेअर मेमरीत जिथून सुरू होतं तो पत्ता) घ्या, ०एक्स५००० ची जुन्या बूटलोडरसाठी असते.

मीनल_एम: आणि कॉपी पूर्ण होईपर्यंत केबल ओढू नका.

अधीर_कोडर: आला! ड्राइव्ह आला, पोर्टही आला. शील्डवरचा कपॅसिटर काढतोय. पण मग रीसेट मध्येच लागतो त्याचं काय करू?

रेझिस्टर_राणी: १०० नॅनोफॅरडचा लावून बघा. आणि त्या पिनला लांब वायर जोडलीय का ते सांगा.